फिरवलेल्या आणि तिरक्या केलेल्या वेक्टर आकृत्यांचा बाउंडिंग बॉक्स घट्ट कसा काढायचा?

रेघोट्या

ब्राउझरमध्ये चालणारा माझा छोटा एसव्हीजी (वेक्टर चित्रांचं फॉरमॅट) एडिटर आहे. आकृतीवर क्लिक केलं की तिच्याभोवती सिलेक्शनची चौकट (बाउंडिंग बॉक्स) दिसते. आकृती सरळ असते तोवर चौकट अगदी कडेला चिकटते. फिरवली किंवा स्क्यू (तिरकी) केली की चौकट आणि आकृती यांच्यात मोकळी जागा पडते. वर्तुळात तर हे फारच खटकतं. १०० त्रिज्येचं वर्तुळ ४५ अंशांत फिरवलं तर दिसायला काहीच बदलत नाही, पण चौकट २०० वरून २८२.८४ होते.

सध्याची पद्धत अशी: ब्राउझरच्या गेटबीबॉक्स या फंक्शनकडून चौकट घ्यायची, तिचे चार कोपरे ट्रान्सफॉर्मच्या मॅट्रिक्समधून काढायचे आणि त्यांतला सर्वात लहान व सर्वात मोठा क्ष आणि य घ्यायचा. यात गणिताची चूक दिसत नाही, मग जागा का सुटते? पुढे स्ट्रोक आणि ग्रुपही हाताळायचे आहेत, त्यामुळे मुळापासून समजून घ्यायचं आहे.

बिंदूरेषा

गणित बरोबर आहे, पण ते चौकटीचं आहे, आकृतीचं नाही. तुम्ही चौकटीची चौकट काढताय. गेटबीबॉक्स घटकाच्या स्वतःच्या कोऑर्डिनेटमध्ये, त्याचा ट्रान्सफॉर्म लागण्याआधीची चौकट देतं. त्या चौकटीच्या कोपऱ्यांत बहुतेक वेळा आकृतीचा एकही बिंदू नसतो. फिरवल्यावर तेच रिकामे कोपरे बाहेर येतात आणि नवी चौकट त्यांना कवेत घेते. गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट या दुसऱ्या फंक्शनकडूनही फिरवलेल्या एसव्हीजी घटकाला घट्ट चौकट मिळण्याची हमी नाही.

एकच वक्र घेऊन फरक मोजू. क्युबिक बेझिए (चार कंट्रोल पॉइंटनी ठरणारा वक्र), बिंदू (०,०), (०,१००), (१००,१००), (१००,०). सरळ असताना त्याची खरी चौकट १०० रुंद आणि ७५ उंच, कारण वक्र कंट्रोल पॉइंटच्या उंचीपर्यंत पोचतच नाही. आता ४५ अंश फिरवा.

चारही कंट्रोल पॉइंट फिरवून त्यांची चौकट घेतली तर १४१.४२ × १४१.४२.
घट्ट चौकटीचे (१०० × ७५) कोपरे फिरवले तर १२३.७४ × १२३.७४.
सरळ वक्राचे टोकाचे बिंदू, म्हणजे (०,०), (५०,७५), (१००,०), एवढेच फिरवले तर ८८.३९ × ८८.३९.
खरं उत्तर १०० × १००.

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. पहिल्या दोन पद्धती चौकट मोठी देतात, त्यात फक्त जागा वाया जाते. तिसरी चौकट लहान देते, म्हणजे आकृती कापली जाते. "टोकाचे बिंदू एकदा काढून ठेवू आणि दर वेळी तेवढेच फिरवू" हा विचार सहज सुचतो आणि तो सर्वात घातक आहे. फिरवल्यावर टोकाला येणारा बिंदू वेगळाच असतो. या उदाहरणात सरळ असताना शिखर ट = ०.५ ला आहे (ट म्हणजे वक्रावरची जागा, सुरुवातीला ०, शेवटी १). फिरवल्यावर य चं टोक ट = ०.७०७१ ला जातं आणि क्ष चं डावं टोक ट = ०.२९२९ ला येतं.

म्हणून क्रम कायम हाच: आधी मूळ भूमिती अंतिम कोऑर्डिनेटमध्ये न्यायची, मग तिथे टोकं शोधायची. बेझिए वक्राला अफाइन ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, स्केल, स्क्यू) लावणं आणि त्याच्या कंट्रोल पॉइंटना लावणं एकच असतं. त्यामुळे ट्रान्सफॉर्म झालेले चार बिंदू घेऊन नेहमीचं बेझिए गणित करायचं, वेगळं सूत्र लागत नाही.

पाथ वाचताना एक काळजी घ्या. एच (आडवी रेष) आणि व्ही (उभी रेष) या आज्ञा फिरवल्यावर आडव्या-उभ्या राहत नाहीत. आधी सगळ्या आज्ञा निरपेक्ष करा, एच-व्ही चं एल (साधी रेष) करा, एस आणि टी (मागच्या वक्राला जोडून येणारे वक्र) यांचे गाळलेले कंट्रोल पॉइंट भरा, आणि मगच मॅट्रिक्स लावा.

त्रिज्या

वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांना बेझिएपर्यंत जायची गरजच नाही. एसव्हीजीचा मॅट्रिक्स (अ, ब, क, ड, इ, फ) घ्या:

क्ष′ = अ·क्ष + क·य + इ
य′ = ब·क्ष + ड·य + फ

लंबवर्तुळाच्या त्रिज्या र१ (आडवी) आणि र२ (उभी) असतील तर

अर्धी रुंदी = √((अ·र१)² + (क·र२)²)
अर्धी उंची = √((ब·र१)² + (ड·र२)²)

मध्यबिंदू मॅट्रिक्समधून काढा आणि दोन्ही बाजूंना एवढं अंतर सोडा. फिरवणं, स्केल, स्क्यू, आरसा, सगळ्यांना हेच चालतं. मॅट्रिक्समधून कोन बाहेर काढण्याच्या भानगडीत पडू नका. स्क्यू असला की तो कोन काढता येतो, पण कामाचा नसतो.

पडताळून बघा: र१ = १००, र२ = ५०, कोन ३० अंश. अर्धी रुंदी √८१२५ = ९०.१४, अर्धी उंची √४३७५ = ६६.१४. कोपरे फिरवून हेच १११.६० आणि ९३.३० येतं.

गोल कोपऱ्यांचा आयतही यातच बसतो. आयताची रुंदी आणि उंची ग आणि ह धरा. गोलाई वजा केलेला आतला आयत आणि त्याच्या कडेने फिरणारं लंबवर्तुळ, असा विचार केला की

अर्धी रुंदी = |अ|·(ग/२ − र१) + |क|·(ह/२ − र२) + √((अ·र१)² + (क·र२)²)

उंचीसाठी अ आणि क च्या जागी ब आणि ड. २०० × १०० चा आयत, गोलाई २०, ४५ अंश: अर्धी रुंदी ९७.७८. टोकदार कोपरे धरले तर १०६.०७.

रेघोट्या

बिंदूरेषा, त्रिज्याताई, खूप आभार. वर्तुळ आणि आयत आता घट्ट बसतात.

क्युबिकची टोकं काढताना मात्र काही पाथवर उत्तर एनएएन (संख्याच नाही) येतं, आणि काहींवर चौकट एकदम प्रचंड होते. डेरिव्हेटिव्ह शून्य धरून वर्गसमीकरणाचं शाळेतलं सूत्र वापरलंय.

वक्ररेष

दोन्ही लक्षणं वर्गपदाच्या सहगुणकाची आहेत. एका अक्षापुरते बिंदू प०, प१, प२, प३ धरा आणि फरक काढा: द० = प१ − प०, द१ = प२ − प१, द२ = प३ − प२. मग

ल = द० − २·द१ + द२
म = द१ − द०
न = द०
ल·ट² + २·म·ट + न = ०

कंट्रोल पॉइंट समान अंतरावर असले, किंवा क्वाड्रॅटिकचं क्युबिक केलेलं असलं, की ल शून्य होतो. शून्याने भागून एनएएन किंवा अनंत मिळतं. त्याहून वाईट म्हणजे ल नेमका शून्य नसून १० चा उणे पंधरावा घात वगैरे असतो. तेव्हा जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होऊन मूळ भलतंच येतं, आणि ते ० ते १ मध्ये आहे का हे न बघता वक्रात घातलं की चौकट प्रचंड होते.

उपाय असा: म² − ल·न ऋण असेल तर त्या अक्षावर आतलं टोक नाही. नसेल तर

स = −(म + चिन्ह(म)·√(म² − ल·न))
ट१ = स / ल
ट२ = न / स

म शून्य असताना चिन्ह १ धरा. इथे वर्गमुळाची आणि म ची कायम बेरीजच होते, त्यामुळे अचूकता जात नाही. ल शून्य झाला तर ट१ निकामी होतो पण ट२ आपोआप एकघाती समीकरणाचं उत्तर देतो. भागण्याआधी ल आणि स शून्य नाहीत एवढं तपासा. मग ० < ट < १ असलेलीच मुळं घ्या. टोकाचे प० आणि प३ चौकटीत आधीच घातलेले असतात.

क्वाड्रॅटिकला सोपं आहे: ट = (प० − प१) / (प० − २·प१ + प२).

वेगासाठी एक चाळणी लावा. त्या अक्षावर प१ आणि प२ दोन्ही, प० आणि प३ च्या मध्ये असतील तर वक्र त्या पट्ट्याबाहेर जाऊच शकत नाही. समीकरण सोडवायची गरज नाही. अक्षरांचे आउटलाइन बहुधा टोकांवर बिंदू ठेवून काढलेले असतात, त्यामुळे न फिरवलेल्या मजकुरात ही चाळणी फार काम वाचवते. फिरवल्यावर तिचा उपयोग कमी होतो, पण चूक कधीच होत नाही.

त्रिज्या

पाथमधल्या ए आज्ञेचं, म्हणजे कमानीचं, राहिलं. लोक तिचे बेझिए तुकडे करतात. पाव वर्तुळाला ०.५५२२८४७ हा नेहमीचा सहगुणक वापरला तर त्रिज्येत जास्तीत जास्त ०.०२७ टक्के चूक येते. १००० त्रिज्येला साधारण पाव एकक. पडद्यावर चालेल, कटिंग मशीनला पाठवायच्या फाइलला चालणार नाही.

थेट काढणंही अवघड नाही. टोकांवरून मध्यबिंदू, सुरुवातीचा कोन आणि फिरण्याचा कोन काढा. दिलेल्या त्रिज्या अपुऱ्या असतील तर एसव्हीजीच्या नियमाप्रमाणे आधी त्या एकाच प्रमाणात वाढवाव्या लागतात. एखादी त्रिज्या शून्य असेल तर ती सरळ रेषा. कमान स्वतः कोन फाय ने कललेली असेल तर

प = र१·(अ·कोसाइन फाय + क·साइन फाय)
ब१ = र२·(−अ·साइन फाय + क·कोसाइन फाय)
क्ष′ = मध्य + प·कोसाइन थीटा + ब१·साइन थीटा

याचं टोक थीटा = एटॅन२(ब१, प) ला आणि त्याच्या बरोबर समोर १८० अंशांवर. हे दोन कोन कमानीच्या पल्ल्यात पडतात का तेवढं बघायचं. पल्ला ३६० ओलांडून जात असेल तर कोन आधी सुरुवातीच्या कोनापासून मोजून घ्या, नाहीतर ३५० ते २० अशी कमान हमखास चुकते.

आरसा लावलेल्या मॅट्रिक्सला घाबरू नका. डिटरमिनंट ऋण असला तर स्वीप फ्लॅग (कमान कुठल्या दिशेने फिरते ते) उलटा करावा लागतो, पण फक्त कमान पुन्हा लिहून काढायची असेल तेव्हा. इथे थीटा मूळ कमानीचाच आहे, त्यामुळे चौकटीला फरक पडत नाही.

बोरूवाला

आता स्ट्रोक. इथे सर्वात जास्त कोड चुकलेला दिसतो. नेहमीची चूक म्हणजे स्ट्रोकच्या निम्म्या जाडीला डिटरमिनंटच्या वर्गमुळाने गुणून तेवढी चौकट चारही बाजूंना वाढवणं. जाडी १० आणि स्केल (३, १) असेल तर या हिशेबाने ८.६६ येतं. प्रत्यक्षात डावी-उजवीकडे १५ आणि वर-खाली ५ लागतात. आडव्या बाजूला आकृती कापली जाते, उभ्या बाजूला फुकटची जागा सुटते.

स्ट्रोक म्हणजे गोल निबाने मारलेली रेघ. मॅट्रिक्समध्ये निबाचंही लंबवर्तुळ होतं. त्रिज्याताईंचंच सूत्र लावा: जाडी ज असेल तर आडवी वाढ (ज/२)·√(अ² + क²), उभी वाढ (ज/२)·√(ब² + ड²). जोड आणि टोकं दोन्ही गोल असतील तर भूमितीच्या घट्ट चौकटीत एवढं मिळवलं की उत्तर तंतोतंत. वक्राच्या आतल्या टोकांनाही हे तंतोतंत लागू पडतं, जोड-टोक कुठलंही असो.

अडचण कोपऱ्यांची आहे. एसव्हीजीत जोड न सांगितल्यास मायटर (टोकदार कोपरा) असतो आणि मायटर लिमिट (मायटरची लांबी जाडीच्या जास्तीत जास्त किती पट) ४. कोपऱ्याच्या बिंदूपासून मायटरचं टोक (ज/२) भागिले साइन(कोन/२) इतकं लांब जातं. जाडी १० आणि कोन ३० अंश असेल तर १९.३. गोल निब धरून ५ सोडले असतील तर १४ एककं बाहेर. कोन २८ अंश झाला की गुणोत्तर ४.१३ होतं, लिमिट ओलांडते, आणि टोक छाटून बेव्हल (सपाट कापलेला कोपरा) बसतो. सीमा २८.९६ अंशांवर आहे. पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट आणि कॅनव्हासमध्ये न सांगितल्यास लिमिट १० असते, म्हणजे सीमा ११.४८ अंश. एकच पाथ दोन ठिकाणी वेगळ्या चौकटीचा निघाला तर आधी हे तपासा.

मायटर ठेवायचा की छाटायचा हे मूळ कोऑर्डिनेटमधल्या कोनावर ठरतं, पडद्यावर दिसणाऱ्या कोनावर नाही. आकृती ताणल्यावर कोपरा १० अंशांचा दिसत असेल, तरी मूळ ६० चा असेल तर मायटर राहणारच. त्यामुळे मायटरचं टोक, बेव्हलचे दोन बिंदू, बट (रेषेच्या शेवटीच कापलेल्या) टोकाचे दोन कोपरे आणि स्क्वेअर (निम्मी जाडी पुढे गेलेल्या) टोकाचे दोन कोपरे हे सगळं मूळ जागेत काढा आणि ते बिंदू मॅट्रिक्समधून नेऊन चौकटीत घाला. स्ट्रोक न वाढणारा ठेवला असेल, म्हणजे व्हेक्टर-इफेक्टमध्ये नॉन-स्केलिंग-स्ट्रोक, तर उलट: आधी भूमिती पडद्याच्या कोऑर्डिनेटमध्ये न्या आणि सगळा स्ट्रोक तिथेच मोजा.

पायरीपायरीने

एवढं सगळं दर वेळी लागतं का, हा माझा प्रश्न. पडद्याबाहेरच्या आकृत्या वगळायच्या असतील किंवा पुन्हा रंगवायचा भाग ठरवायचा असेल तर सैल चौकट पुरते. मायटरला सरळ (ज/२) × लिमिट एवढी वाढ धरा, कंट्रोल पॉइंटची चौकट घ्या, संपलं. घट्ट गणित दर फ्रेमला हजारो पाथवर केलं तर ॲनिमेशन अडखळेल.

बिंदूरेषा

पुरते, फक्त ती कधीही लहान नसावी. दोन वेगळी फंक्शनं ठेवा आणि नावातच सैल-घट्ट स्पष्ट करा. सिलेक्शन, अलाइन, समान अंतराने मांडणी, एक्सपोर्टचा आकार आणि कटिंग, इथे घट्टच हवी. सैल चौकटीने अलाइन केलं की वस्तू डोळ्याला वाकड्या दिसतात आणि कारण शोधून सापडत नाही.

लायब्रऱ्यांनी हा भेद केलेला आहे. स्कियात गेटबाउंड्स कंट्रोल पॉइंटची चौकट देतं, कॉम्प्यूटटाइटबाउंड्स घट्ट देतं. क्यूटमध्ये कंट्रोलपॉइंटरेक्ट आणि बाउंडिंगरेक्ट. ॲपलच्या कोअर ग्राफिक्समध्ये सीजीपाथगेटबाउंडिंगबॉक्स कंट्रोल पॉइंट धरतं, सीजीपाथगेटपाथबाउंडिंगबॉक्स धरत नाही. ही दोन नावं फार सारखी आहेत, सांभाळून. इंकस्केपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये व्हिज्युअल आणि जॉमेट्रिक असा पर्याय आहे, तो स्ट्रोक धरण्या-न धरण्याचा.

कैरोत पाथ, फिल आणि स्ट्रोक एक्स्टेंट्स (चौकटी) यूझर स्पेसमध्ये, म्हणजे मॅट्रिक्स लागण्याआधीच्या कोऑर्डिनेटमध्ये, मिळतात, म्हणून मॅट्रिक्स फिरवलेला असताना ते सैल होतात. फिलसाठी पाथ काढून झाल्यावर मॅट्रिक्स आयडेंटिटी करा आणि मग विचारा, घट्ट चौकट मिळते. स्ट्रोकला हे करू नका. स्ट्रोकची निब त्या क्षणीच्या मॅट्रिक्सवर ठरते, त्यामुळे उत्तर चुकेल.

ॲनिमेशनबद्दल: फक्त सरळ रेषांच्या आकृत्या असतील तर कॉन्व्हेक्स हल (सगळ्या बिंदूंना वेढणारा सर्वात लहान बहिर्वक्र बहुकोन) एकदा काढून ठेवा. अफाइन ट्रान्सफॉर्मने हलचे बिंदू हलवरच राहतात, म्हणून दर फ्रेमला तेवढेच बिंदू नेले तरी चौकट तंतोतंत.

रेघोट्या

ग्रुपचं काय करायचं? आतल्या मुलांच्या चौकटी एकत्र करून ती ग्रुपच्या मॅट्रिक्समधून नेली तर पुन्हा तेच होणार, नाही का?

वक्ररेष

तेच होणार. ग्रुपला चौकट विचारताना अंतिम मॅट्रिक्स खाली पाठवा. प्रत्येक पातळीवर पालकाचा मॅट्रिक्स गुणिले स्वतःचा, या क्रमाने. सर्वात आतल्या आकृतीपाशी पोचल्यावर तिची भूमिती त्या एकत्र मॅट्रिक्समधून न्या आणि चौकटींचा मेळ अंतिम कोऑर्डिनेटमध्ये घाला. ट्रान्सफॉर्ममध्ये ट्रान्सलेट आणि मग रोटेट लिहिलं असेल तर बिंदूवर आधी रोटेट लागतो, हे गुणाकाराच्या क्रमात पाळा.

रिकामी चौकट (०,०,०,०) अशी सुरू करू नका. ग्रुप आरंभबिंदूपासून लांब असला तर चौकट तिथपर्यंत ताणली जाते. किमान +∞ आणि कमाल −∞ पासून सुरू करा, आणि शेवटी किमान कमालपेक्षा मोठं राहिलं तर "चौकट नाही" असं वेगळं उत्तर द्या. रुंदी शून्य म्हणजे रिकामी, असंही धरू नका. उभ्या रेषेची रुंदी शून्यच असते आणि ती ग्रुपच्या चौकटीत यायलाच हवी. याच कारणाने आडव्या-उभ्या रेषेला ऑब्जेक्टबाउंडिंगबॉक्सवर आधारलेला ग्रेडियंट लागत नाही. तिथे यूझरस्पेसऑनयूज वापरा.

क्लिप असेल तर दिसणारी चौकट म्हणजे क्लिपशी छेद, आणि दोन चौकटींचा छेद ही वरची मर्यादाच असते, घट्ट नसते. ब्लर असेल तर सुमारे ३ सिग्मा (ब्लरचं स्टँडर्ड डेव्हिएशन) बाहेर सोडा, पण फिल्टरचा प्रदेश न सांगितल्यास चौकटीच्या १० टक्के बाहेरच कापला जातो, तेही धरा. मजकुराला गेटबीबॉक्स अक्षरांच्या खणांची चौकट देतं, शाईची नाही. शाईची हवी तर आउटलाइन काढून वरचीच रीत.

पायरीपायरीने

चाचणीची एक रीत. वक्रावर नमुन्याचे बिंदू घ्या आणि दोन गोष्टी बघा: एकही बिंदू चौकटीबाहेर नाही, आणि चारही बाजूंना कुठला तरी बिंदू पुरेसा जवळ येतो. पहिली तपासणी कापलेली चौकट पकडते, दुसरी सैल चौकट. पहिलीच लिहिली तर कोपरे फिरवणारा कोडही पास होतो. फक्त स्ट्रोक नसलेल्या भूमितीवर हे चालवा. स्ट्रोकसाठी आकृती आठपट मोठी रास्टर करून (पिक्सेलमध्ये उतरवून) अल्फाची, म्हणजे रंग पडलेल्या पिक्सेलची, चौकट ताडून बघा.

नमुन्यांची घनता अंदाजाने ठरवू नका. पायरी प असेल तर टोकापासूनची तूट जास्तीत जास्त (दुसरं डेरिव्हेटिव्ह × प²) / ८. बिंदूरेषांच्या सरळ वक्रात दुसरं डेरिव्हेटिव्ह ६०० आहे. २० पायऱ्यांना तूट ०.१९ पर्यंत, १०० पायऱ्यांना ०.००७५. म्हणूनच नमुने घेऊन चौकट काढणं ही चाचणी म्हणून ठीक, मूळ पद्धत म्हणून नको. ती कायम लहान बाजूलाच चुकते.

रेघोट्या

सगळं बसवलं, दोन्ही तपासण्या पास. एकच उरलंय: बरोबर ९० अंश फिरवलेल्या १०० × १०० च्या आकृतीचा एक्सपोर्ट १०१ पिक्सेलचा निघतो.

बोरूवाला

९० अंशांचा कोसाइन संगणकात शून्य येत नाही, सुमारे ६ गुणिले १० चा उणे सतरावा घात येतो. त्यामुळे कड १००.००००००००००००१ सारखी होते आणि सीलिंग घेतलं की १०१. पिक्सेलकडे जाताना बाहेरच्या बाजूला पूर्ण करण्याआधी थोडी सूट द्या: किमानला फ्लोअर(किमान + ०.००१), कमालला सीलिंग(कमाल − ०.००१). पिक्सेलच्या हजाराव्या भागाचा रंग दिसत नाही. ०, ९०, १८०, २७० अंशांना साइन-कोसाइन थेट ०, १, −१ भरले तर आणखी चांगलं.

सूट चौकटीच्या आकाराच्या प्रमाणात ठेवायची असेल तर आकडे ३२ बिटी आहेत का ते बघा. ८३,८८,६०८ च्या पुढे ३२ बिटी फ्लोटमध्ये दोन शेजारच्या संख्यांत किमान १ चं अंतर असतं. नकाशाचे कोऑर्डिनेट तिथवर सहज जातात. चौकटीचं गणित ६४ बिटीत करा, किंवा आधी मोठा ट्रान्सलेट काढून टाका आणि शेवटी मिळवा.

त्रिज्या

पुढे कधी थ्रीडी पर्स्पेक्टिव्ह आणणार असाल तर यातलं काही तसंच वापरू नका. तिथे क्युबिकचा रॅशनल क्युबिक होतो. कंट्रोल पॉइंट पडद्यावर प्रक्षेपित करून साधा बेझिए धरला की वक्रच चुकतो. टोकांसाठी क्ष/व (व म्हणजे पर्स्पेक्टिव्हमध्ये ज्याने भागतात ती संख्या) चं डेरिव्हेटिव्ह शून्य धरावं लागतं आणि समीकरण चौथ्या घाताचं होतं. शिवाय व शून्याच्या खाली गेला, म्हणजे आकृतीचा भाग डोळ्याच्या मागे गेला, तर आधी तो भाग कापून मगच चौकट काढायची.